एक गोळा, दोन मंगळवार आणि एक स्क्रूड्रायव्हर

उंबरठा

परवा घरचा मिक्सर बिघडला. भांडं नीट बसल्याशिवाय मोटर सुरू होऊ न देणारी एक खिटी असते ना, ती मी काडेपेटीच्या काडीने दाबून ठेवली आणि भांडं न लावताच मोटर फिरते का ते बघत बसलो. बोटं त्या फिरत्या चकतीपासून जेमतेम वीतभर लांब. बायको म्हणाली, "हे असं करायचं असतं का?" मी म्हणालो, "मला कळतंय मी काय करतोय ते." वाक्य तोंडातून गेलं आणि लुई स्लॉटिन नावाचा शास्त्रज्ञ आठवला. म्हणून हा धागा.

२१ मे १९४६, मंगळवार, दुपारचे तीन वाजून वीस मिनिटं. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोमधली लॉस अलामोस प्रयोगशाळा. खोलीत आठ माणसं. मधल्या टेबलावर प्लुटोनियमचा ६.२ किलोचा गोळा. व्यास ८९ मिलीमीटर, म्हणजे क्रिकेटच्या चेंडूपेक्षा थोडा मोठा. वरून निकेलचा मुलामा, हाताला कोमट लागणारा. हा गोळा तिसऱ्या अणुबॉम्बसाठी केला होता. ऑगस्ट १९४५ मध्ये जपानने शरणागती पत्करली आणि तो प्रयोगशाळेतच राहिला.

प्रयोग सांगायला सोपा आहे. गोळा बेरिलियमच्या एका अर्ध्या वाटीत ठेवायचा आणि वरून दुसरी वाटी हळूहळू उपडी घालत आणायची. गोळ्यातून बाहेर पडणारे न्यूट्रॉन बेरिलियमवर आपटून परत आत येतात. वाटी जितकी खाली, तितके जास्त न्यूट्रॉन परत आणि तितकी साखळी अभिक्रिया पेटायच्या जवळ. किती जवळ आलो ते न्यूट्रॉन मोजणाऱ्या काउंटरच्या टिकटिकीवरून ओळखायचं. वाट्या पूर्ण मिटल्या तर संपलं. म्हणून दोन वाट्यांच्या मध्ये शिम, म्हणजे पॅकिंगचे तुकडे, ठेवायची पद्धत होती. ते असले की हात निसटला तरी वाटी पूर्ण बसत नाही.

स्लॉटिनने शिम काढून टाकले होते. वरच्या वाटीच्या भोकात डाव्या हाताचा अंगठा घालून त्याने ती धरली होती आणि उजव्या हातातल्या स्क्रूड्रायव्हरचं पातं फटीत अडकवलं होतं. पातं फिरवलं की फट कमी-जास्त. असं त्याने आधीही बऱ्याचदा केलं होतं. भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मीने त्याला, असंच करत राहिलास तर वर्षभरात मरशील, असं बजावलं होतं म्हणतात.

पातं निसटलं. वाटी बसली. खोलीत निळा प्रकाश चमकला, अंगाला उष्णतेची झळ लागली आणि स्लॉटिनने डाव्या हाताने वाटी उडवून जमिनीवर फेकली. हे सगळं सेकंदाच्या आत. बाहेर पडताच त्याला उलटी झाली. नऊ दिवसांनी, ३० मे रोजी, तो गेला. वय ३५, मूळचा कॅनडातल्या विनिपेगचा.

मला टोचणारी गोष्ट पुढे आहे. नऊ महिन्यांपूर्वी, २१ ऑगस्ट १९४५ ला (तोही मंगळवारच), याच गोळ्याने हॅरी डॅघलियन नावाच्या २४ वर्षांच्या पोराचा जीव घेतला होता. तो रात्री जेवण झाल्यावर एकटाच प्रयोगशाळेत परतला. सोबतीला फक्त खोलीत बसलेला एक पहारेकरी. टंगस्टन कार्बाइडच्या, प्रत्येकी ४.४ किलोच्या विटा तो गोळ्याभोवती रचत होता. शेवटची वीट ठेवायच्या बेतात असताना काउंटर ओरडला, त्याने हात मागे घेतला आणि वीट हातातून सुटून नेमकी गोळ्यावर पडली. त्याने ती ढकलून पाडली आणि मग रचलेल्या विटा हातानेच एकेक करून काढल्या. २५ दिवसांनी तो वारला.

त्या २५ दिवसांत त्याच्या खाटेशेजारी तासन्‌तास बसणाऱ्यांपैकी एक होता लुई स्लॉटिन.

म्हणजे अज्ञान नव्हतं. होणाऱ्या मरणाची एकूण एक पायरी ज्याने डोळ्यांनी पाहिली, त्यानेच शिम काढले. का?

गोदाकाठ

वाचताना अंगावर काटा आला. पण एक बाळबोध शंका. तिसऱ्या बॉम्बचाच गोळा, साखळी अभिक्रिया सुरू झाली, मग स्फोट का नाही झाला? लॉस अलामोस जागच्या जागी का नाही उडालं?

रिकामटेकडा

तो निळा प्रकाश म्हणजे चेरेनकॉव्ह प्रारण. अणुभट्टीच्या पाण्यात दिसतं तेच. एवढंच सांगायला लॉगिन केलं.

कॅल्क्युलेटर

गोदाकाठताई, प्रश्न बाळबोध अजिबात नाही. बॉम्बमध्ये स्फोटकं लावून गोळा चहूबाजूंनी दाबतात, मायक्रोसेकंदांत. तो दाबून घट्ट झालेला असतानाच अभिक्रिया कितीतरी पिढ्या पुढे जाते. इथे दाबणारं काहीच नाही. अभिक्रिया भडकली की गोळा तापतो, तापला की किंचित फुगतो, फुगला की न्यूट्रॉन जास्त निसटतात आणि अभिक्रिया आपोआप मंदावते. स्लॉटिनच्या वेळी साधारण ३ गुणिले १० चा १५ वा घात इतकी विखंडनं झाली, म्हणजे तितके अणू फुटले. आकडा डोळे फिरवणारा वाटतो, पण उष्णतेच्या हिशेबात ती ऊर्जा लाखभर ज्यूल भरते. म्हणजे चहासाठी ठेवलेलं कपदोन कप पाणी गरम होईल, उकळेलच असंही नाही. चहाच्या पाण्याएवढी ऊर्जा, तीही बहुतेक गोळ्यातच उष्णता होऊन राहिली. फक्त तिचा छोटासा भाग न्यूट्रॉन आणि गॅमा किरणांच्या रूपात, शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या पेशींतून आरपार.

रिकामटेकडा, थोडं चुकलं. चेरेनकॉव्ह पाण्यात दिसतं, कारण पाण्यात प्रकाशाचा वेग बराच कमी होतो आणि इलेक्ट्रॉन त्याला मागे टाकतात. इथे मध्ये हवा होती. हवेतल्या नायट्रोजनचे रेणू किरणोत्साराने उत्तेजित होऊन निळसर चमकतात, तो प्रकाश तो.

रिकामटेकडा

बरं. शब्द मागे. लॉगिन तसंच ठेवतो.

फटकळ

स्पष्ट लिहितो, राग नसावा. या स्लॉटिनला बऱ्याच ठिकाणी वीर वगैरे केलेलं वाचलंय. वाटी उडवून सात जणांचे प्राण वाचवले म्हणे. अहो, त्या सात जणांचे प्राण धोक्यात घातले कोणी? आग लावायची आणि मग पहिली बादली मी ओतली म्हणून सत्कार घ्यायचा.

युद्धकाळ होता, घाई होती, हेही कारण चालणार नाही. मे १९४६ मध्ये युद्ध संपून नऊ महिने झाले होते.

उंबरठा

फटकळराव, निम्मं मान्य. युद्ध संपलं होतं, पण घाई संपली नव्हती. जुलै १९४६ मध्ये प्रशांत महासागरातल्या बिकिनी बेटांवर अणुचाचण्या ठरल्या होत्या आणि त्यांची तयारी जोरात होती. स्लॉटिन स्वतः हे काम सोडून परत शिकागोला, संशोधनाकडे जायच्या बेतात होता. त्या दुपारी तो आपल्या जागी येणाऱ्या माणसाला, अल्विन ग्रेव्हजला, हा प्रयोग कसा करतात ते दाखवत होता. म्हणजे जाता जाता शिकवणी चालली होती आणि शिकवायला घेतली तीच चुकीची पद्धत.

वीर म्हणायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. वाटी उडवताना तो विचार करत असेल असं मला वाटत नाही. गरम तव्यावरून आपण हात काढतो तसंच ते. पण त्यानंतर काही मिनिटांत त्याने कोण कुठे उभं होतं याचा आराखडा काढला, म्हणजे कोणाला किरणांची किती मात्रा बसली याचा डॉक्टरांना हिशेब करता यावा. हे मात्र विचार करून केलेलं काम आहे. स्वतःचं उत्तर त्याला तोवर कळलेलं असणार.

लोखंडी

पंचवीस वर्षं कारखान्यात काढली, म्हणून "का?" या प्रश्नावर लिहितो. कारखान्याचं नाव-गाव विचारू नका.

आमच्याकडे एका मशीनच्या गार्डला लिमिट स्विच होता. गार्ड उघडला की मशीन बंद. आता माल अडकला की गार्ड उघडायचा, माल काढायचा, गार्ड लावायचा, मशीन पुन्हा चालू करायचं. एका शिफ्टमध्ये हे तीस-चाळीस वेळा. आठवडाभरात कोणीतरी स्विचला जम्पर मारतो, म्हणजे वायरचा तुकडा जोडून तो निकामी करतो. कोणी मारला ते कोणी सांगत नाही आणि सगळ्यांना माहीत असतं. आमचा सगळ्यात हुशार ऑपरेटर चालत्या मशीनमधून इतक्या सफाईने माल काढायचा की नवीन पोरं बघत राहायची. शिफ्ट इन्चार्जही बघायचा आणि मान वळवायचा, कारण त्या शिफ्टचं प्रॉडक्शन सगळ्यांत जास्त. दोन वर्षं काही झालं नाही. मग एक दिवस त्याची दोन बोटं गेली.

चौकशीत काय लिहिलं? "मानवी चूक." जम्परचा उल्लेख नाही, मान वळवणाऱ्यांचाही नाही.

म्हणून सांगतो, स्लॉटिन धाडसी होता म्हणून त्याने शिम काढले नाहीत. शिममुळे काम अडत होतं म्हणून काढले. पहिल्यांदा भीती वाटली असेल. दहाव्यांदा कंटाळा आला असेल. भीतीपेक्षा कंटाळा जास्त माणसं मारतो, हे माझं अनुभवाचं मत.

कॅल्क्युलेटर

लोखंडी, +१. तुमच्या मुद्द्याला एक जोड. डॅघलियनच्या अपघातानंतर नियम झाले होते. असा प्रयोग एकट्याने करायचा नाही, किमान दोन माणसं हवीत, न्यूट्रॉन मोजणारी किमान दोन यंत्रं हवीत. स्लॉटिनने यातला एकही नियम मोडला नाही. एकटा नव्हता, तर सात जण सोबत होते. यंत्रंही होती.

मागच्या अपघातात जे चुकलं तेवढंच नियमात आलं. डॅघलियन एकटा होता, म्हणून "एकटे नको". पण हाताने, टेबलाशी उभं राहून हे करायचंच कशाला, हा प्रश्न दुसरा माणूस जाईपर्यंत कोणी गांभीर्याने घेतला नाही. त्यानंतर मात्र हातचं काम बंद झालं. सुमारे पाव मैल लांबच्या खोलीत बसून, कॅमेऱ्यातून बघत, दूरनियंत्रणाने वाट्या जवळ आणायची यंत्रं आली.

सांजवात

मी एक्स-रे विभागात काम करून निवृत्त झाले. छातीवर लावायचे बॅज असतात आम्हाला, किती किरणं अंगावर पडली ते मोजणारे. ते ठरावीक मुदतीने तपासायला जातात आणि आकडा जास्त आला की पत्र येतं, चौकशी, कागदपत्रं. माझ्या ओळखीतले एक सीनियर बॅज ड्रॉवरमध्ये ठेवून काम करायचे. म्हणायचे, "आकडाच नको, कटकट नको." त्या ड्रॉवरला मात्र वर्षानुवर्षं उत्तम तब्येतीचं प्रमाणपत्र मिळत राहिलं.

डॅघलियन आणि स्लॉटिनच्या दिवसांबद्दल थोडं. मोठी मात्रा बसली की पहिल्या काही तासांत उलट्या होतात. मग बरेचदा एक फसवा काळ येतो, माणूस बोलतो, हसतो, नातेवाइकांना वाटतं सुटला. आतमध्ये मात्र आतड्याचं अस्तर आणि हाडांचा मगज नव्या पेशी करायच्या थांबलेल्या असतात. जुन्या संपल्या की मग सगळं एकदम कोसळतं. मात्रा जितकी मोठी तितका हा मधला काळ लहान. एकाला २५ दिवस आणि दुसऱ्याला ९, हा फरक तिथून येतो. स्लॉटिनच्या आईवडिलांना विनिपेगहून विमानाने आणलं होतं. ते पोचले तेव्हा तो बोलत होता.

गोदाकाठ

सांजवातताई, ते शेवटचं वाक्य वाचून फोन खाली ठेवला थोडा वेळ.

आजोळ

ऑटावाहून लिहिते आहे. इथून दोन-अडीच तासांच्या अंतरावर चॉक रिव्हर आहे. तिथला १९५२ चा किस्सा या धाग्यात यायलाच हवा, कारण त्यात कोणीच शूर नाही, कोणीच बेफिकीर नाही आणि तरीही भट्टी वितळली.

एनआरएक्स नावाची संशोधन अणुभट्टी. १२ डिसेंबर १९५२. कमी शक्तीवर एक चाचणी चालली होती. तळघरातल्या एका कामगाराने चुकून भलत्याच झडपा उघडल्या आणि त्यामुळे अभिक्रिया रोखून धरणाऱ्या काही नियंत्रक कांड्या वर उचलल्या गेल्या. वरच्या नियंत्रण कक्षात लाल दिवे लागले. पर्यवेक्षक धावत खाली गेला आणि त्याने झडपा बंद केल्या. दिवे विझले. पण काही कांड्या पूर्ण खाली बसल्याच नव्हत्या, आणि दिवे विझल्यामुळे त्या बसल्या असं सगळ्यांना वाटलं.

मग त्याने खालूनच वर फोन लावला आणि मदतनिसाला बटणं दाबायला सांगितली. सांगायची होती ४ आणि ३. तोंडातून निघालं ४ आणि १. बोलता बोलताच चूक लक्षात आली, पण मदतनीस फोन बाजूला ठेवून बटणं दाबायला गेलासुद्धा. बटणं लांब होती, दोन्ही हात लागत होते. खाली हा फोनवर ओरडतोय आणि वर ऐकायला कोणी नाही.

१ नंबरच्या बटणाने सुरक्षेच्या चार कांड्या वर गेल्या. शक्ती भराभर वाढली. वरच्यांनी आपत्कालीन बटण दाबलं, पण कांड्या पडायला हव्या तशा पडल्या नाहीत. शेवटी भट्टीतलं जड पाणी, जे न्यूट्रॉन मंद करून अभिक्रिया चालू ठेवतं, ते खाली सोडून दिलं तेव्हा अभिक्रिया थांबली. तोवर इंधनाच्या काही कांड्या वितळल्या होत्या आणि तळघरात सुमारे ४५ लाख लिटर किरणोत्सारी पाणी साचलं. सुदैवाने कोणी दगावलं नाही. साफसफाईला अमेरिकी नौदलाची माणसंही आली, त्यांत २८ वर्षांचा एक अधिकारी होता, जिमी कार्टर. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले तेच. चौदा महिन्यांनी भट्टी परत सुरू झाली.

आणि हो, हे आपल्यापासून लांबचं नाही. ट्रॉम्बेची सायरस अणुभट्टी याच एनआरएक्सच्या धर्तीवर कॅनडाच्या मदतीने बांधली. जुलै १९६० मध्ये सुरू झाली, २०१० च्या अखेरीस बंद केली.

लोखंडी

आजोळताई, फोन बाजूला ठेवून बटण दाबायला जावं लागलं, इथेच सगळं आलं. "चुकीचा आकडा बोलला" ही मानवी चूक म्हणा हवं तर. पण बोलणारा आणि दाबणारा एकमेकांना ऐकू येणार नाहीत अशी खोली ज्याने आखली, त्याच्या चुकीला काय म्हणायचं? आमच्याकडे क्रेनवाल्याला खुणा करणारा माणूस त्याला सतत दिसला पाहिजे असा दंडक असतो. दिसेनासा झाला की क्रेन थांबवायची. साधी गोष्ट, पण तीसुद्धा कोणीतरी चिरडल्यावरच लिहिली गेली असणार.

भोचक भाऊ

अवांतर: मिक्सरचं काय झालं?

उंबरठा

मोटर जळाली होती. काडेपेटीची काडी वाया गेली. नवीन घेतला.

कॅल्क्युलेटर

आणखी एक प्रसंग, कमी लोकांना माहीत असलेला. ऑटो फ्रिश, विखंडनाला 'विखंडन' हे नाव देणारा. तो लॉस अलामोसमध्ये समृद्ध युरेनियमच्या ठोकळ्यांची रास रचत होता. भोवती न्यूट्रॉन परत पाठवणारं परावर्तक काहीही नव्हतं, म्हणून त्या राशीला 'लेडी गोडायव्हा' नाव पडलं होतं, वस्त्रहीन म्हणून. काम करता करता तो पुढे वाकला. सहकाऱ्याला काहीतरी सांगायचं होतं. डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं की काउंटरचे लुकलुकणारे लाल दिवे लुकलुकायचे थांबून सलग पेटलेत. त्याने हाताने वरचे काही ठोकळे झटकून टाकले. दोनच सेकंद गेले होते. आणखी दोन सेकंद गेले असते तर तो वाचला नसता, असं त्याने नंतर लिहिलं.

झालं काय होतं? आपलं शरीर म्हणजे बहुतांश पाणी. पाण्यातला हायड्रोजन न्यूट्रॉनना मंद करतो, परत पाठवतो. तो वाकला तेव्हा त्याचं स्वतःचं पोट-छातीच परावर्तक झाली. भोवतीचा माणूसही यंत्राचाच भाग असतो, ही गोष्ट मला या विषयात सगळ्यात भीतिदायक वाटते. स्लॉटिनचा अपघात समजून घेतानाही हे धरावं लागतं.

फटकळ

हे मात्र खरंच माहीत नव्हतं. पण माझा मुद्दा जागेवरच आहे. फ्रिश चुकला तेव्हा राशीपाशी तोच वाकलेला होता. स्लॉटिन चुकला तेव्हा सात जण बघत होते.

उंबरठा

फटकळराव, तुमच्या बाजूचा एक मुद्दा मीच देतो. हे लोक सावध वागूच शकत नव्हते असं नाही. २ डिसेंबर १९४२ ला शिकागोमध्ये, स्टेडियमच्या पश्चिमेकडच्या प्रेक्षागृहाखाली, फर्मीने जगातली पहिली अणुभट्टी चालवली. न्यूट्रॉन शोषणाऱ्या कॅडमियमची कांडी थोडीथोडी बाहेर काढायची, थांबायचं, मोजायचं, गणित करायचं, मग पुढचं पाऊल. वर तीन जण कॅडमियमचं द्रावण घेऊन तयार, काही बिघडलं तर ओतायला. एक जण कुऱ्हाड घेऊन दोराशेजारी उभा, दोर तोडला की आपत्कालीन कांडी आत पडणार. सकाळी, जेवणाच्या थोडं आधी, ऐन रंगात आलेलं असताना धाड्‌कन आवाज झाला. सुरक्षा कांडी आपोआप आत पडली होती, कारण तिची मर्यादा फार खाली लावली होती. सगळे ताणलेले. फर्मी म्हणाला, जेवून येऊ.

कोणीही दुसरा म्हणाला असता, मर्यादा वर करा आणि उरकून टाका. जेवण झालं, परत आले, मर्यादा व्यवस्थित लावली आणि साडेतीनच्या सुमारास भट्टी चालू झाली. शक्ती अर्धा वॅट. म्हणून त्याच फर्मीने स्लॉटिनला दिलेल्या इशाऱ्याला मी वजन देतो.

एकतारी

सगळी चर्चा प्रयोगशाळेतल्या हुशार लोकांची चालली आहे. ज्यांना आपण काय हाताळतोय हेच सांगितलं नव्हतं, त्यांचं काय?

ओक रिजला, टेनेसी राज्यात, युरेनियम समृद्ध करायचे अजस्र कारखाने होते. गुप्ततेपायी कामगारांना ते काय बनवतात हे ठाऊक नव्हतं. समृद्ध युरेनियमचं द्रावण एका जागी जास्त साठलं, पाण्याने न्यूट्रॉन मंद झाले की डबकंसुद्धा पेटू शकतं, हे माहीत नसल्यामुळे साठवण वाट्टेल तशी चालली होती. लॉस अलामोसहून भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमनला तिकडे पाठवलं. लष्कराचं म्हणणं, कामगारांना कारण सांगता येणार नाही. त्याने उत्तर दिलं, कारण सांगितल्याशिवाय सुरक्षेची जबाबदारी लॉस अलामोस घेणार नाही. मग सांगितलं गेलं, आणि समजल्यावर तिथल्याच लोकांनी कामाची नवी पद्धत बसवली.

लोखंडींच्या ऑपरेटरला निदान धोका दिसत तरी होता हो. इथे धोकाच गुप्त होता.

सांजवात

अगदी. आमच्या वॉर्डबॉयला कोणी कधी सांगितलं नव्हतं की दारावरचा लाल दिवा कशासाठी असतो. तो दिवा असताना सरळ आत यायचा, चहा घेऊन.

रिकामटेकडा

१९६१ चा आयडाहोचा अपघात कोणीच काढला नाही? एसएल-१, लष्कराची छोटी भट्टी. ३ जानेवारीच्या रात्री तीन जण देखभालीचं काम करत होते. मधली नियंत्रक कांडी यंत्रणेला जोडण्यासाठी हाताने चार इंच उचलायची होती, ती वीस इंच उचलली गेली. काही मिलिसेकंदांत पाण्याची वाफ, आणि अख्खं भट्टीचं पात्र नऊ फूट वर उडालं. तिघेही गेले. कांड्या अडकायच्या अशी तक्रार आधीपासून होती, म्हणजे जोर लावून ओढली असावी, असा एक तर्क. नक्की का, ते सांगायला कोणी उरलं नाही.

पण एकटी कांडी उचलून भट्टी पेटू शकते, हे आखणाऱ्यांना चाललं कसं? लोखंडी साहेब, तुमची क्रेन आठवली.

लोखंडी

साहेब नको, नुसतं लोखंडी पुरे. बाकी बरोबर.

गोदाकाठ

शेवटचे दोन प्रश्न, मग झोपते. त्या गोळ्याचं पुढे काय झालं? आणि स्लॉटिनच्या खांद्यावरून बघणारा तो नवा माणूस, ग्रेव्हज, तो वाचला का?

उंबरठा

गोळा बिकिनीच्या चाचण्यांत वापरायचा विचार होता, तो रद्द झाला. १९४६ च्या उन्हाळ्यात तो वितळवून ते प्लुटोनियम दुसऱ्या गोळ्यांसाठी वापरलं. स्लॉटिनच्या आधी त्याला तिथे 'रूफस' म्हणायचे, नंतर 'राक्षसी गोळा' हे नाव चिकटलं.

ग्रेव्हज वाचला. स्लॉटिन स्वतःच त्याच्या आणि गोळ्याच्या मध्ये उभा होता, त्यामुळे काही मारा अडला. कित्येक आठवडे दवाखान्यात काढून तो कामावर परतला आणि पुढे लॉस अलामोसच्या चाचण्यांचा प्रमुख झाला. १९६५ मध्ये हृदयविकाराने गेला.

पण मध्ये एक १ मार्च १९५४ आहे. बिकिनीवरची कॅसल ब्राव्हो चाचणी, आणि तिथला शास्त्रीय प्रमुख हाच ग्रेव्हज. आदल्या रात्री वाऱ्यांचे अंदाज बिघडत चालल्याचं समोर आलं होतं. चाचणी पुढे ढकलली नाही. शिवाय बॉम्बमधला लिथियमचा एक समस्थानिक, म्हणजे त्याच मूलद्रव्याचा वेगळ्या वजनाचा प्रकार, अभिक्रियेत फारसा भाग घेणार नाही हे गृहीतकच चुकलं. ६ मेगाटनच्या आसपास अपेक्षा होती, निघाले १५. किरणोत्सारी राख वस्ती असलेल्या बेटांवर पडली आणि एका जपानी मासेमारी बोटीवरही. २३ खलाशी. तिचा रेडिओ ऑपरेटर सप्टेंबरमध्ये वारला.

कॅल्क्युलेटर

आणि बोटीचं नाव दायगो फुकुर्यू मारू. भाग्यवान ड्रॅगन, क्रमांक पाच. लॉस अलामोसमध्ये साखळी अभिक्रियेच्या काठावर नेणाऱ्या या प्रयोगांना 'झोपलेल्या ड्रॅगनच्या शेपटीला गुदगुल्या करणं' म्हणायचे, फाइनमनचा शब्द तो.

भोचक भाऊ

उंबरठा, नवीन मिक्सरलाही ती खिटी आहे का?

उंबरठा

आहे. आणि काल रात्री चटणी वाटताना भांडं नीट बसत नव्हतं.